खळ्यातले वाय-फाय

मालवण किनाऱ्यावरच्या घरात राउटर माजघरात असतो आणि माणसे खळ्यात, म्हणजे अंगणात, असतात. सकाळचा चहा, दुपारची पत्रावळ, संध्याकाळच्या गजाली आणि न्याहारी-निवासाला उतरलेले पाहुणे, सारे काही तिथेच. मधे उभी असते चिऱ्याची भिंत. ती जाड आणि सच्छिद्र असते, पावसाळ्यात तर पोटभर पाणी पिऊन बसलेली. तिच्यातून पलीकडे जाईपर्यंत रेडिओलहरींचा जोर ओसरतो. परिणामी माजघरात रेंज पूर्ण, पडवीत अर्धी आणि तुळशीपाशी नावापुरती. न्हाणीजवळच्या अमुक दगडावर उभे राहिले की व्हिडिओ कॉल लागतो, हे ज्ञान अशा घरात वडिलोपार्जित असते. घराबाहेर राउटरची रेंज पुढे पोचवणारा ॲक्सेस पॉइंट बसवला की तो दगड पुन्हा कपडे धुण्यास मोकळा होतो.

वाय-फायच्या लहरींचे प्रमुख पट्टे दोन. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर लांब जाते आणि झाडापानांतून त्यातल्या त्यात बरी निभावते. ५ गिगाहर्ट्‌झची लहर वेगवान, पण ओल्या झावळ्यांपुढे लवकर हात टेकते. भारतात पहिला पट्टा २००५ मध्ये आणि दुसऱ्याचा मोठा भाग २०१८ मध्ये परवानामुक्त झाला. सरकारचा परवाना त्यामुळे लागत नाही. गडग्यापलीकडच्या शेजाऱ्याची हरकतही नसते, कारण बहुधा तोच पहिला जोडला जातो.

जागा निवडताना पहिली नजर माडाकडे जाते. ती आवरावी. सर्व दिशांना लहरी सोडणाऱ्या अँटेनाचा झोत घावनासारखा सपाट पसरतो. यंत्र शेंड्यावर बांधल्यास उत्तम रेंज कावळ्यांना मिळते, खाली बसलेल्यांना नाही. शिवाय माड वाऱ्याने झुलतो आणि नारळ उतरवणाऱ्या पाडेल्याच्या कोयत्याला केबल व झावळ यांतला फरक कळतोच असे नाही. माडाखालची जागाही वर्ज्य. यंत्रावर लिहिलेल्या ‘आयपी ६७’ मधला ६ धुळीपासून पूर्ण बचाव सांगतो आणि ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग. नारळाबद्दल त्यात अवाक्षर नाही.

योग्य जागा पडवीच्या वाशाखाली, खळ्याकडे तोंड करून, जमिनीपासून अडीच-तीन मीटरवर. पुढे पत्र्याची शेड असेल तर यंत्र तिच्या बाहेरच्या कडेला आणावे. पत्रा लहरी परतवून लावतो. हाताला लागेल इतके खाली बसवल्यास त्यावर ओली छत्री टांगली जाते.

यंत्रापर्यंत एकच केबल पुरते. ‘पीओई’ पद्धतीत डेटा आणि वीज तिच्यातूनच जातात. मूळ मानकाप्रमाणे स्रोताकडून १५.४ वॅट मिळतात आणि लांबीची मर्यादा १०० मीटर असते. केबल शुद्ध तांब्याची, बाहेरच्या वापरासाठी बनवलेली, काळ्या आवरणाची घ्यावी. घरात वापरायची स्वस्त केबल उन्हाने तडकते. भिंतीत शिरण्यापूर्वी केबलला खाली झोळ द्यावा, म्हणजे पागोळ्यांचे पाणी तिथेच ठिबकते, राउटरच्या भेटीला आत येत नाही. उघडी केबल पाइपमधून न्यावी. माकडांना इंटरनेटची गरज नसते. झोका घेण्यापुरती केबल मात्र चालते.

खाऱ्या हवेचा हिशोब वेगळा. आयपीच्या आकड्यांत मीठ धरलेले नसते. तारकर्ली-देवबागसारख्या ठिकाणी साधा स्क्रू लवकरच तांबेरतो आणि पुढे उतरवायला निघालेल्या माणसाशी असहकार पुकारतो. ३१६ प्रतीचे स्टेनलेस बोल्ट महाग पडतात, पण पुढच्या पिढीलाही फिरवता येतात.

विजेपासून बचावासाठी सर्ज अरेस्टर आणि चांगले अर्थिंग हवे. जांभ्या जमिनीतले पाणी झटकन निचरते आणि नेमक्या वळवाच्या गडगडाटात अर्थिंगची जागा कोरडी सापडते. ती ओली राहील असे पाहावे. वीजपुरवठ्याचाही विचार करावा. मे २०२१ मधल्या तौक्ते चक्रीवादळानंतर अनेक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. ॲक्सेस पॉइंट हवेवर चालत नाही, हे तेव्हा सर्वांना मान्य झाले. राउटर, फायबरचा डबा आणि पीओईचा पुरवठा हे तिन्ही इन्व्हर्टरवर घ्यावेत. एकही राहिला तर ‘नेट खंय गेला?’ हा प्रश्न येणारच.

शेवटी जुळणी. उपकरण ‘ॲक्सेस पॉइंट मोड’मध्ये ठेवावे आणि त्याचे डीएचसीपी बंद करावे. पत्ते वाटण्याचे काम मुख्य राउटरकडेच राहू द्यावे. दोघे वाटू लागले की निम्म्या मोबाइलांना घर सापडत नाही. २.४ साठी १, ६ किंवा ११ यांपैकी जो चॅनल मोकळा असेल तो घ्यावा. पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क आणि त्याला वेगाची मर्यादा असावी. चतुर्थीला मुंबईहून चाकरमानी उतरले की पासवर्ड आरतीच्या आधी वाडीभर पाठ होतो. तो बदलण्याचा मुहूर्त विसर्जनानंतरचा. आधी बदलल्यास आरतीला माणसे कमी पडतात.

दरवर्षी मृग लागण्यापूर्वी एकदा शिडी लावून बोल्ट, झोळ आणि अर्थिंगची तार तपासावी. पाऊस सुरू झाल्यावर वर चढायला कोणी तयार होत नाही आणि खाली बसून सल्ले देणाऱ्यांना रेंज लागते.