नव्वद दिवसांचा पासवर्ड

हिंजवडीत सर्व्हिस डेस्कवर पहिली नोकरी लागलेल्या पोराला वर्षभरात दोन गोष्टी पाठ होतात: ‘मशीन रीस्टार्ट करून पाहिलंत का?’ आणि अमेरिकेतल्या सुट्ट्यांची यादी. गणपतीत मात्र नाइट शिफ्ट.

त्याच्या दिवसाचा, म्हणजे रात्रीचा, बराच भाग विसरलेले पासवर्ड बदलून देण्यात जातो. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेतल्या बिल बर यांनी २००३ मध्ये मार्गदर्शिका लिहिली: पासवर्डात आकडे, चिन्हं घाला, तो ठरावीक काळाने बदला. २०१७ मध्ये त्यांनी त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. ठरावीक काळाने बदलायची सक्ती नको, असं संस्थेनेही त्याच वर्षी लिहून टाकलं. अनेक कंपन्यांना ते पत्र अजून पोचलेलं नसावं. ९० दिवस भरले की साहेबांचा पासवर्ड संपतो, नवा ते सोमवारपर्यंत विसरतात आणि तिकीट पोराच्या नावावर पडतं.

आता पोराला नोकरी सोडायचीय. लवकर सोडली तर पुढचा विचारणार, टिकत का नाही? उशिरा सोडली तर, इतकी वर्षं पासवर्डच बदलत होतात? आई म्हणते, लग्न ठरेपर्यंत थांब. बाबांनी एकाच बँकेत तीस वर्षं काढलेली. त्यांच्या लेखी हा अजून प्रोबेशनवरच.

त्यात नोटीस पीरियडही ९० दिवसांचा आणि नव्या कंपनीला माणूस पंधरा दिवसांत हवा.

तूर्त त्याने नेटवर्किंगचा क्लास लावलाय. फी हप्त्यांनी आहे, त्यामुळे हप्ते फिटेपर्यंत तरी राजीनामा ड्राफ्टमध्येच राहील.