शाखाप्रमुख

आमच्या विद्यापीठात व्हिडिओ गेमसाठी लिहायला शिकवणारे एक सर आहेत. स्टाफरूममध्ये त्यांना सगळे 'शाखाप्रमुख' म्हणतात. राजकारणाशी त्यांचा काडीचा संबंध नाही. ते बोलायला लागले की बोलण्याला फांद्या फुटतात, एवढंच.

मी मराठी शिकवतो आणि आमची टेबलं शेजारी शेजारी आहेत. "चहाला येता का?" असं त्यांना विचारण्याची चूक मी आता करत नाही. "आलो, तर दहा मिनिटं गेली, पण वर्गात डोळे उघडे राहतील. नाही आलो, तर तुम्ही एकटे जाल, वाटेत डीन भेटतील, आणि माझ्या रजेच्या अर्जाचा विषय निघेल." तिसऱ्या फांदीवर ते चढेपर्यंत कॅन्टीनवाला पातेलं घासायला घेतो.

गंमत म्हणजे वर्गात ते नेमकं याच्या उलट शिकवतात. फळ्यावर झाड काढतात. प्रत्येक वळणावर खेळाडूला दोनच पर्याय दिले आणि अशी दहा वळणं आली, तर शेवट होतात १०२४. ते लिहिणार कोण, तुझे काका? म्हणून फांदी फोडायची, खेळाडूला दोन पावलं स्वातंत्र्याची हवा द्यायची, आणि गुपचूप परत खोडाशी आणायचं. "म्हणजे फसवायचंच ना, सर?" एका मुलीने विचारलं. सर म्हणाले, "आई सकाळी विचारते, पोहे करू की उपमा? तोवर पोहे भिजवून झालेले असतात. तुला कधी फसवल्यासारखं वाटलं?" साहित्यशास्त्र शिकवण्यात माझी वीस वर्षं गेली, पण इतका चपखल दृष्टान्त मला एकदाही सुचला नाही.

त्यांच्या स्वतःच्या फांद्या मात्र खोडाशी कधीच येत नाहीत. विल क्रौदर या अमेरिकन प्रोग्रामरने १९७६ च्या सुमाराला केंटकीतल्या खऱ्याखुऱ्या गुहेवरून 'अ‍ॅडव्हेंचर' हा निव्वळ शब्दांचा गेम रचला. त्याचा विषय निघाला की सर मुलांना घेऊन त्या गुहेत शिरतात आणि तास संपला तरी वर्ग गुहेतच असतो. 'एटी डेज' या २०१४ च्या गेमचंही तेच. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीवरचा हा गेम मेग जयंत यांनी लिहिला, आणि त्यात आपण साहेब नसतो, साहेबांच्या बॅगा उचलणारा नोकर असतो. हा मुद्दा खरंच सुरेख आहे. पण त्यावरून सर नोकर या पात्रावर घसरतात, तिथून बॅगांवर, तिथून आपल्या हरवलेल्या बॅगेवर. गेममध्ये कंटाळवाणा संवाद बटण दाबून पुढे ढकलता येतो. मुलांना मी बाकाखाली अंगठा हलवताना पाहिलंय.

ग्रंथपालांशी त्यांचं जमत नाही. संदर्भग्रंथांच्या यादीत त्यांनी 'डिस्को एलिसियम' घातलं. ग्रंथपालांनी विचारलं, पानं किती? सर म्हणाले, पानं नाहीत, शब्द दहा लाखांच्या वर आहेत. "मग खंड किती? आणि दाखलनंबर कुठे मारू?" हे प्रकरण अजून मिटलेलं नाही. परीक्षा विभागाने तर त्यांची प्रश्नपत्रिकाच परत पाठवली. प्रश्न १ चं उत्तर 'होय' असेल तर प्रश्न ४ कडे जा, नसेल तर प्रश्न २ कडे, आणि प्रश्न २ मधून पुन्हा प्रश्न १ कडे. 'नाही' लिहिणाऱ्या मुलाला त्यातून सुटायला वाटच नाही, असं विभागाने शेऱ्यात लिहिलं. सरांना ते कौतुक वाटलं.

पण त्यांचं खरं प्रेम 'बार्क'वर. बार्क म्हणजे भुंकणं. गेममधला पहारेकरी, भाजीवाला, वाटसरू जाता-येता जे एकेक वाक्य टाकतात, त्याला या धंद्यात बार्क म्हणतात. खेळाडू ते शंभरदा ऐकणार, म्हणून ते छोटं हवं, आणि शंभराव्या वेळीही डोक्यात जाता कामा नये. एका मुलाने पहारेकऱ्याच्या तोंडी दीड पान घातलं. सर म्हणाले, "अरे, हा किल्ल्याच्या दारावर उभा आहे. नटसम्राटाचा प्रयोग नाही लागलेला." आणि सगळ्या वर्गाला घेऊन विद्यापीठाच्या फाटकावर गेले.

फाटकावर आमचे वॉचमनकाका. पंचवीस मुलं वह्या उघडून त्यांच्यासमोर बसली. दोन तासांत काका तीन वाक्यं बोलले. "आयकार्ड." "गाडी बाजूला." "सही करा." सरांनी फळ्यावर नंतर तिन्ही लिहिली आणि म्हणाले, पाच शब्दांत माणूस उभा केलाय, कानामात्रेचा फरक करता येणार नाही. तिकडे काकांनी कुलसचिवांकडे तक्रार केली, की कुणी सर माझ्यावर पाळत ठेवतात आणि मी काय बोललो ते पोरांकडून लिहून घेतात.

परवा सर ओळखपत्र घरी विसरले.

"आयकार्ड," काका म्हणाले.

"काका, मी. ओळखलं नाहीत?"

"आयकार्ड."

सरांनी विनवलं. मग दरडावलं. मग डीनचं नाव घेतलं, मग काकांच्या मुलीच्या ॲडमिशनची चौकशी केली, मग खिशातून शंभराची नोट अर्धी बाहेर काढून पाहिली आणि लाजून आत घातली. दर वेळी उत्तर तेच, त्याच आवाजात, त्याच अंतराने. मी मागे स्कूटरवर खोळंबलो होतो. एवढ्यात सर वळले, आणि चेहरा असा फुललेला, की मला वाटलं आत सोडलं असावं.

"पाहिलंत?" ते मला म्हणाले, "पाच फांद्या, आणि पाचही तिथेच येतात!" वही काढायला त्यांनी बॅग उघडली. तिकडे पंचवीस मुलं वर्गात वाट बघत होती. काका माझ्याकडे वळून म्हणाले, "गाडी बाजूला."