चालू कंडिशन, फक्त आवाज येत नाही

मोबाइलवर जुन्या व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायरची अशी जाहिरात दिसली की नवशिक्याने हुरळून जाऊ नये आणि पुढेही सरकवू नये. 'चालू कंडिशन' याचा अर्थ लाल दिवा लागतो. 'अँटिक' याचा अर्थ पुसलेला नाही. 'आजोबांच्या काळातला' असेल, तर तो आजोबांच्याही गळ्यात कुणीतरी मारलेला असण्याची शक्यता धरून चाला.

गिटारसाठी घ्यायचाय म्हणून फेंडर-मार्शल धुंडाळू नका. आपल्या जिल्ह्यात (अहमदनगर आणि अहिल्यानगर, दोन्ही नावं टाकून शोधा, विकणारे अजून एकमताचे नाहीत) सापडेल तो मंडपवाल्याच्या माळ्यावरचा व्हॉल्व्हचा डबा, बहुधा अहुजाचा. लग्नं, कीर्तनं, यात्रा आणि निवडणुका ऐकवून तो निवृत्त झालेला असतो. तारेचं वाद्य त्याला परकं नाही. 1912 मध्ये जपानच्या नागोयात जन्मलेल्या बटणांच्या वाद्याचा आपण बेंजो केला, त्याला पिकअप लावला आणि वरातीत अशाच डब्यांतून वाजवला. त्या मानाने तुमची गिटार फारच सभ्य.

वाडीवर थ्री फेज आलेली असताना पाहायला जाऊ नका. सगळ्यांचे पंप एकदम सुरू होतात, व्होल्टेज बसतं आणि मालक म्हणतो, "लाइट डीम हाय काका, नाहीतर पत्रे हलत्यात." पंचाईत ही, की ते खरंही असू शकतं. म्हणून खिशात मल्टिमीटर ठेवा. 230 च्या आसपास आकडा आला की मालकाची एक सबब कमी होते.

पहिली परीक्षा वजनाची. डबा एका हाताने सहज उचलला गेला, तर तो ट्रान्झिस्टरचा तरी आहे किंवा आतला ट्रान्सफॉर्मर तांब्याच्या भावाने भंगारात गेलाय. तुम्ही खरेदी करताय ते मुळात हे लोखंड-तांबंच, त्यातही आउटपुट ट्रान्सफॉर्मर. कॅपॅसिटर, रेझिस्टर, वायरी, सगळं बदलून मिळतं. मूळचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळाला असेल तर तुम्ही एक जड खोकं घेताय. ते खोकं कुठल्या पुढाऱ्याच्या सभेला वाजलं, याची गोष्ट फुकट ऐका. तिचे पैसे देऊ नका.

मागचं झाकण मालकाला उघडू द्या. आत मात्र कुणीच बोट घालायचं नाही. तिथे 300-400 व्होल्ट डीसी असतात आणि फिल्टर कॅपॅसिटर ते साठवून ठेवतात. "प्लग काढलाय की!" हे कॅपॅसिटरला माहीत नसतं. बाहेरूनच व्हॉल्व्हची काच न्याहाळा. आतला चंदेरी डाग पांढरा पडला असेल, तर आत हवा शिरलीय, तो व्हॉल्व्ह गेला. काचेवर बीईएल, म्हणजे बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचं नाव दिसलं तर आनंद व्हावा, पण तो चेहऱ्यावर येऊ देऊ नये.

आता सुरू करायचा. आधी डब्यावर लिहिलेल्या ओहमचा स्पीकर जोडा. स्पीकरविना आवाज चढवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर तुमच्यादेखत जळू शकतो. मग वीज द्या ती सिरीजमध्ये 100 वॉटचा पिवळा बल्ब घालून. बल्ब क्षणभर भकभकून मंदावला तर ठीक. लख्ख जळत राहिला तर आत शॉर्ट आहे, आणि जमलेली मंडळी एकमुखाने बल्बमध्ये दोष काढतील. बल्ब पास झाला की तो काढून सरळ लाइनवर घ्या. आवाज लगेच आला, तर तुम्हाला ट्रान्झिस्टर दाखवताहेत. व्हॉल्व्हला तापायला थोडा वेळ लागतोच.

नेमका तेव्हा चहा येतो. घ्या, पण डबा चालूच ठेवा. थंडपणी गुणी वाटणारे दोष तापल्यावर बोलतात. व्हॉल्व्हच्या आतला पत्रा लालबुंद होऊ लागला तर कप ठेवून आधी बटण बंद करा. सतत घूं-घूं येत असेल, तर बहुतेक वेळा फिल्टर कॅपॅसिटर सुकलेत. व्हॉल्यूम खरखरत असेल, तर त्याला स्वच्छता हवी. हे दोष मनापासून आवडून घ्या, भाव त्यांच्यावरच उतरतो.

एक गोष्ट थट्टेची नाही. जुन्या डब्यांना दोन पिनांचा प्लग असतो, अर्थिंग नसतं. गिटारच्या तारा धातूच्या आणि त्यांच्यावर बोटं तुमची. जाणत्या मेकॅनिककडून तीन पिनांची वायर आणि चांगलं अर्थिंग करून घेतल्याशिवाय एकही सूर छेडू नका.

व्यवहार ठरला की व्हॉल्व्ह थंड होऊ द्या, कुठला कुठल्या सॉकेटचा ते लिहून काढा आणि वेगळे गुंडाळा. एसटीच्या मागच्या सीटवर काच टिकत नाही. निघताना मालक भोंगाही फुकट देऊ करील. घेऊ नका. भोंग्याचं युनिट खालचे स्वर देत नाही. त्यातून तुम्ही कुठलीही रागदारी वाजवली तरी यात्रेत पोर हरवल्याची सूचनाच ऐकू येते, आणि शेजारी खरंच शोधायला निघतात.