ॲव्हरेजकाका

डोंबिवलीच्या कोपरमधल्या कुठल्याही सोसायटीत तीन गृहस्थ हमखास असतात. एक पंपाच्या खोलीची चावी सांभाळणारा, एक गणपतीचं पावतीपुस्तक सांभाळणारा आणि तिसरे ॲव्हरेजकाका. पहिले दोघे वार्षिक सभेत बदलतात. ॲव्हरेजकाका तहहयात असतात.

त्यांची गाडी लगेच ओळखू येते. 2016 ची डिझेल सियाझ. बाकी गाडीवर धूळ असेल, पण डिकीवरची ‘एसएचव्हीएस’ ही अक्षरं रोज पुसलेली. पार्किंगमधून जाताना तुमची नजर नुसती तिकडे वळली, की काका खांबाआडून प्रकट होतात. “स्मार्ट हायब्रिड व्हेईकल बाय सुझुकी! ब्रेक मारला की बॅटरी चार्ज, पिकअप घेतला की मोटरची इंजिनाला मदत.”

“म्हणजे नुसत्या बॅटरीवर चालते?”

“चालत नाही. मदत करते,” काका किंचित तुटकपणे म्हणतात. तिसऱ्या मजल्यावरचा इंजिनीअर मुलगा एकदा याला ‘माइल्ड हायब्रिड’ म्हणाला होता. त्या वर्षी आरतीला काकांनी त्याच्या हाती झांजा येऊ दिल्या नाहीत.

खरी हायब्रिड आपल्याकडे त्याआधीच येऊन गेली होती. जपानमध्ये 1997 च्या डिसेंबरात टोयोटाची प्रियस विक्रीला आली. भारतात 2008 मध्ये होंडाने सिव्हिक हायब्रिड आणली, किंमत साडेएकवीस लाख. 2010 मध्ये प्रियसही आली, ती त्याहून महाग. पेट्रोल वाचवण्यासाठी इतके पैसे घालायचे, हे ऐकून डोंबिवलीने मान डोलावली आणि लोकल पकडली. मग 2015 मध्ये सियाझ एसएचव्हीएस आली. केंद्राच्या फेम योजनेत तिला 13,000 रुपयांची सवलतही होती. पुढच्या वर्षी एक दिवस काका शोरूममध्ये गेले ते मेहुण्यासाठी टायरची चौकशी करायला असं म्हणतात. येताना बुकिंग करून आले.

हा सौदा हे काकांच्या आयुष्यातलं सर्वात मोठं राजकीय यश. कारण पुढे 2017 मध्ये माइल्ड हायब्रिडची सवलत गेली, जुलैत जीएसटी आला आणि हायब्रिडवर 28 टक्के कर अधिक 15 टक्के सेस बसला. “आपण आधीच उचलली,” हे काका अशा सुरात सांगतात, की अर्थमंत्र्यांनी त्यांना आदल्या रात्री फोन केला असावा.

कंपनीचा आकडा लिटरला 28.09 किलोमीटर. तो काकांना जन्मतारखेसारखा पाठ. हा आकडा देणारी एआरएआय या संस्थेची चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर होते, तिथे ना खड्डे असतात, ना उलट्या दिशेने येणारी रिक्षा, हे त्यांना सांगून उपयोग नाही. हायब्रिड नसलेली आधीची डिझेल सियाझ 26.21 द्यायची, म्हणजे सगळा फरक लिटरमागे दोन किलोमीटरही नाही, हेही सांगू नये. झांजा जातात.

काकांना त्यांच्या खऱ्या तेजात पाहायचं असेल तर ट्रॅफिकमध्ये पाहावं. कोपर पूल सप्टेंबर 2019 मध्ये धोकादायक म्हणून बंद झाला आणि 2021 च्या सप्टेंबरात उघडला. त्या दोन वर्षांत पूर्वेहून पश्चिमेला जायचं तर ठाकुर्लीच्या पुलाला वळसा. सगळी डोंबिवली महापालिकेला आणि रेल्वेला आळीपाळीने शिव्या घालत होती. काका शांत. गाडी थांबली, न्यूट्रल टाकलं, क्लचवरून पाय काढला की इंजिन आपोआप बंद. क्लच दाबला की पुन्हा सुरू. “बघ, आजूबाजूचे सगळे जळतायत,” ते समाधानाने म्हणायचे. ते डिझेलबद्दल बोलत असावेत.

एकदा शेजारच्या रिक्षावाल्याने मान बाहेर काढून विचारलं, “काका, बंद पडली काय? धक्का मारू?”

“पडली नाही. केली. आपोआप होते. टेक्नॉलॉजी आहे.”

“आमची पण होते,” असं म्हणून त्याने चावी फिरवली, रिक्षा बंद केली आणि पुलाच्या उतारावरून न्यूट्रलमध्ये सूं करून खाली गेला. त्या माणसाकडे अनुदान नव्हतं, मोटर नव्हती, डिकीवर अक्षरंही नव्हती. काका बराच वेळ गप्प होते.

इंजिन बंद झालं की एसीचा कॉम्प्रेसरही थांबतो, नुसता पंखा फिरत राहतो. ही बाजू काकूंच्या वाट्याला येते. मे महिन्यात काटई नाक्यावर काकू पर्समधून विणलेला पंखा काढतात. “लग्नात यांच्याकडे ॲम्बेसेडरही नव्हती, पण वारा होता,” एवढंच बोलतात.

टाकी भरणं हा विधी आहे. ठरलेला पंप, ठरलेलं नोझल आणि वेळ पहाटेची, कारण गार डिझेल घट्ट असतं म्हणून जास्त मिळतं. पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि तिथे पहाट-दुपार फारशी पोचत नाही, ही माहिती त्यांच्यापर्यंत पोचलेली नाही. नोझल ‘टक्’ झालं की थांबायचं, किलोमीटर टिपायचे आणि घरी येऊन भागाकार कालनिर्णयवर, दुधाच्या आणि सिलिंडरच्या नोंदींच्या शेजारी. मुलाचा वाढदिवस काकांना काकू सांगतात. दिवाळीतलं ॲव्हरेज काकूंना काका सांगतात.

2024 मध्ये मोठागाव-माणकोली पूल सुरू झाला आणि डोंबिवलीहून ठाण्याला जायचा रस्ता कितीतरी आखूड झाला. सोसायटीत पेढे वाटायचे बाकी होते. काका मात्र परवा मुलीकडे ठाण्याला निघाले ते पहाटे पाचला, मोकळ्या रस्त्याने, शिळफाट्यावरून.

“नवा पूल सोडून एवढा वळसा?” काकूंनी विचारलं.

“जवळच्या फेरीत इंजिन नीट गरम होत नाही. ॲव्हरेज पडतं. लांबून गेलं की बघ, चोवीसच्या वर जातं!”

काकूंनी कालनिर्णयच्या पानावर मनातल्या मनात भागाकार केला. “अहो, पण लांबून गेलं की डिझेल जास्तच लागणार ना?”

काकांनी करुणेने त्यांच्याकडे पाहिलं. “डिझेल काय, घरी बसूनही वाचतं. ॲव्हरेज काढायला गाडी चालवावी लागते.”