चार सिलिंडरचे काका

सहकारनगरातल्या आमच्या सोसायटीत कुणी गाडी घ्यायची म्हटली की कर्ज मंजूर करते बँक, पण गाडी मंजूर करतात तळमजल्यावरचे काका. रंग, किंमत, एअरबॅगा हे सगळं त्यांच्या दृष्टीने किरकोळ. त्यांचा प्रश्न एकच, "किती सिलिंडर?" उत्तर 'तीन' आलं की काका क्षणभर डोळे मिटतात आणि स्थळ नाकारणाऱ्या वधूपित्याच्या सौजन्याने म्हणतात, "घ्या की. पैसे तुमचेच आहेत."

काका भोसरीच्या कारखान्यातले निवृत्त फोरमन, त्यामुळे ज्ञान ऐकीव नाही. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दर 180 अंशांना एक स्फोट होतो, तीनमध्ये 240 अंशांना. "म्हणजे मध्ये पोकळी. तिथेच गाडी थरथरते." शिवाय तीन पिस्टनांचे धक्के एकमेकांना छेद देत असले तरी इंजिनाची दोन टोकं आळीपाळीने वर-खाली डोलू पाहतात. हे ते हाताने करून दाखवतात, तेव्हा टीपॉयवरचे कप उचलून ठेवावे लागतात. हे डोलणं मारायला बॅलन्स शाफ्ट घालतात, कुणी फ्लायव्हील मुद्दाम असमतोल करतं, हेही त्यांना ठाऊक आहे. फक्त ते विचारल्याशिवाय सांगत नाहीत. चार सिलिंडरचंही स्वतःचं एक बारीक कंपन असतं, ते तर विचारूनही सांगत नाहीत.

खिशात त्यांच्याकडे पाच रुपयांचं जुनं, जाडजूड नाणं असतं. शोरूममध्ये बॉनेट उघडायला लावून, एसी फुल करून, ते नाणं चालू इंजिनावर कडेवर उभं करायचं. पडलं की काका सेल्समनकडे बघतात. सेल्समन मॅनेजरला बोलावतो. मॅनेजर चहा मागवतो.

त्यांच्या पुतण्याने एकदा वाद घातला होता. फोर्डच्या एक लिटरच्या तीन सिलिंडरवाल्या इंजिनाला 2012 पासून सलग तीन वर्षं जगातलं उत्तम इंजिन म्हणून गौरवलं गेलं, त्याचा ब्लॉक ए-फोर कागदावर मावतो, वगैरे. काका म्हणाले, "पत्रिकाही ए-फोरवर मावते. म्हणून संसार चालतो का?"

पुतण्याचं म्हणणं चूक नव्हतं. एक पिस्टन कमी म्हणजे घर्षण कमी, वजन कमी, पेट्रोल कमी. त्यात सरकारने छोट्या पेट्रोल गाडीची करसवलत चार मीटर लांबी आणि 1200 सीसीत बांधलेली. एवढ्यात चार लहान भांडी मांडण्यापेक्षा चारशे-चारशेची तीन मांडणं कंपन्यांना परवडतं. 2024 च्या मे महिन्यात नवी स्विफ्टसुद्धा चाराची तीन झाली, तेव्हा काकांनी दोन दिवस पेपर उघडला नाही.

आता गंमत अशी की, पार्किंगमध्ये कव्हरखाली काकांची स्वतःची मारुती 800 उभी आहे. 796 सीसी, चोकवाली, दर दसऱ्याला हार. आणि सिलिंडर तीन! ही गोष्ट काकांसमोर काढायला धाडस लागतं. मी काढली. काका जराही गडबडले नाहीत. "ती मुळातच तीनची आहे. हल्लीचे तीन म्हणजे चारातून एक काढून उरलेले तीन." यावर काय बोलणार? स्विफ्टपुरतं तर ते खरंच आहे.

पंचाईत झाली ती जावयाने न विचारता तीन सिलिंडरची नवी गाडी घेतली तेव्हा. जावयाच्या गाडीला नावं कशी ठेवणार? काका "शोभते तुम्हाला" एवढंच म्हणाले आणि वाईला निघताना पुढच्या सीटवर बसले. वेग घेतल्यावर तीनचं इंजिनही गुळगुळीत चालतं, त्यामुळे कात्रज ओलांडायच्या आत त्यांना झोप लागली. जाग आली ती खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर, रांगेत. गाडी उभी, म्हणजे थरथर पकडायची हीच वेळ. काकांनी डॅशबोर्डवर तळवा ठेवला. काही नाही. दाराला लावला. काही नाही. मग नाणं काढून डॅशबोर्डवर उभं केलं, ते उभंच.

रांगेत थांबली की या गाडीचं इंजिन आपोआप बंद होतं, हे सांगायला जावयाने तोंड उघडलं, तेवढ्यात काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"जावईबापू, कुणाला बोलू नका," ते हळूच म्हणाले, "कंपनीने चुकून चार दिलेत."