खूणमामा

जुन्या फोटोतली गल्ली ओळखणारा माणूस प्रत्येक शहरात असतो. पुण्यात त्याला संशोधक म्हणतात आणि त्याची व्याख्यानं ठेवतात. मुंबईत लोक पैसे भरून रविवारी सकाळी त्याच्यामागून चालतात. बेळगावात तो गुंजीहून पॅसेंजरने येतो, चहा दुसऱ्याच्या पैशाने पितो आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातो.

गुंजी म्हणजे खानापूर आणि लोंढा यांच्या मधलं स्टेशन. माऊलीचं देऊळ, भाताची शेतं, काजूची झाडं, भोवती जंगल. अशा गावच्या माणसानं शहरातल्या लोकांना त्यांचीच गल्ली दाखवून द्यावी, याचा बेळगावकरांना सुरुवातीला जरा राग यायचा. आता सवय झाली आहे. कॅम्पातल्या बंगल्याचा माळा साफ करताना एखादा अल्बम निघतो, शहापुरातल्या वाड्यात पणजोबांच्या ट्रंकेच्या तळाशी पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो सापडतो. तीन-तीन पिढ्या बेळगावात काढलेली मंडळी तो हातोहात फिरवतात, चारजण चार गल्ल्या सांगतात, आणि मग कोणीतरी म्हणतं, “खूणमामांना बोलवा की.”

मामांचं खरं नाव रेशनकार्डावर असेल. तालुक्याला ते खूणमामा म्हणूनच ठाऊक. कुठल्याशा सरकारी कचेरीत कारकुनी करून निवृत्त झाले, पण नोकरीबद्दल ते बोलत नाहीत आणि त्यांची कचेरीही त्यांच्याबद्दल बोलत नसावी.

फोटो हातात आला की मामा तो आधी पालथा करतात. मागे शिक्का आहे का, शाईने काही लिहिलंय का, वाळवी कुठून शिरली, हे बघून घेतात. मग सुलटा करून, चष्मा कपाळावर चढवून, डोळ्याला लावल्यासारखा जवळ धरतात. आणि मग ज्याने लोक वैतागतात ते करतात : फोटोच्या बरोबर मध्यावर अंगठा ठेवतात. मध्ये मिरवणुकीचा हत्ती असो, पागोटेवाले कलेक्टरचे शिरस्तेदार असोत, नाहीतर ज्यांच्या घरात बसून चहा चाललाय त्यांचे दिवंगत आजोबा असोत, ते सगळे अंगठ्याखाली.

“अहो मामा, आजोबा झाकले!”

“त्यांना तू ओळखूलालास नव्हं? मग झालं. मला कडंचं बघू दे.”

कडेला असतं काय? अर्धी कापली गेलेली कट्ट्याची पायरी, गटारावरची फरशी, एका खांबाचा खालचा भाग, कौलांची एक रांग. मामांना तेवढं पुरतं. फोटो काढणाऱ्यानं जे ठरवून काढलं त्यात त्यानं माणसांना सावरून बसवलेलं असतं. जे चुकून आलं तेवढंच खरं, असा त्यांचा दावा. मला तो पटतो.

ही विद्या मामा कुठं शिकले? उभं राहून. लहानपणी वडील त्यांना बाजाराला बेळगावला न्यायचे. काजूचं पोतं, फणस, कधी शिकेकाई, असा माल गाडीतून उतरवायचा, डोक्यावरून शहरात आणायचा, एका कोपऱ्यावर ठेवायचा आणि पोराला तिथं उभं करायचं. “हितंच थांब. हलू नको. कुणी काय विचारलं तर बोलू नको.” एवढं सांगून वडील दलालाकडे जायचे. दलालाकडून वैद्याकडे, वैद्याकडून तंबाखूच्या दुकानात, तिथं गावचा कोणी भेटला की त्याच्याबरोबर आणखी कुठं. परत येईपर्यंत ऊन डोक्यावरून पलीकडे गेलेलं असायचं. रविवार पेठेच्या तोंडाला, गणपत गल्लीच्या कोपऱ्यावर, शनिवार खुटावर, मामा असे तासन् तास उभे राहिले. खेळायला कोणी नाही, पोतं सोडता येत नाही. समोरचं घर बघत राहायचं.

त्याच वयाची बेळगावची मुलं त्याच गल्लीतून शाळेला पळत होती. गल्ली त्यांच्या बापाचीच होती, तिच्याकडे बघायचं काय? मी बेळगावच्या बऱ्याच जुन्या रहिवाशांना सहज म्हणून विचारून पाहिलं आहे, की तुमच्या समोर पाडलेल्या घराला वरच्या मजल्यावर खिडक्या किती होत्या. कोणी दोन म्हणतं, कोणी गॅलरी होती म्हणतं, एकाने तर घरच नव्हतं म्हणून सांगितलं. मामा सांगतात : “चार. त्यातली कडंची बंद असायची. एकदाच उघडली. आतल्या म्हातारीनं विचारलं, कुणाचा रे तू? मला बोलू नको म्हणून सांगितलेलं. तिनं परत लावून घेतली.”

तरीही सगळंच आठवणीवर चालत नाही. मामा जन्मायच्या आधीचे फोटोही येतात. तिथं त्यांचा हिशेब सुरू होतो. चपटी मंगलोरी कौलं दिसली की फोटो १८६५ च्या नंतरचा, कारण बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला तो त्या साली. आधीची घरं नळीच्या कौलांची नाहीतर गवताची. रेल्वेचे रूळ दिसले तर १८८० च्या दशकाच्या अलीकडे या, आणि रूळ जवळजवळ असतील तर मीटरगेज, म्हणजे नव्वदच्या दशकाच्या पलीकडे जा. मोटार दिसली तर नंबरची पाटी. तीवर म्हैसूरचं ‘एम वाय’ असेल तर १९५६ नंतरचा फोटो, कारण त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. ‘के ए २२’ असेल तर मामा फोटो तसाच परत देतात. “हे काय जुनं? ही गाडी माझ्या जावयाकडं हाय.”

त्यांची कीर्ती पक्की झाली ती एका हॉटेलात. मालकाने मोठ्या हौसेनं जुन्या बाजाराचा फोटो भिंतभर करून लावला होता. खाली कसलंच नाव नव्हतं, म्हणून गिऱ्हाईकं मिसळीबरोबर पैजा लावत. खडेबाजार म्हणावं तर उतार चुकतो. बेळगावचा खडेबाजार वेगळा आणि शहापूरचा वेगळा, म्हणून शहापूरचा धरून पाहिला, तर देऊळ चुकतं. एका गृहस्थांनी शेवटी हे हुबळी आहे असा निकाल दिला. मामा चहाचा कप घेऊन फोटोपुढे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “आरसा आणा.”

हात धुवायच्या जागेचा आरसा खिळ्यावरून काढून आणला. मामांनी फोटोकडे पाठ केली, आरसा समोर धरला, आणि खांद्यावरून मागची गल्ली त्यात बघितली. “मारुती गल्ली,” ते म्हणाले. काचेची निगेटिव्ह कोणीतरी उलट्या बाजूने छापली होती. डावीकडची घरं उजवीकडे गेलेली, पाट्या लांबच्या आणि धुरकट, त्यामुळे अक्षरं उलटी आहेत हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. मामांच्या ध्यानात आलं ते खिशावरून. समोरून चाललेल्या तिन्ही माणसांच्या सदऱ्याचा खिसा उजव्या छातीवर होता. “तीन डावखुऱ्या शिंप्यांची गल्ली बेळगावात नाही,” मामा म्हणाले. मालकाने फोटो बदलला नाही. समोरच्या भिंतीवर आरसा लावला आणि चहाचा दर वाढवला.

नावांच्या बाबतीत मात्र मामांशी कोणी वादाला जाऊ नये. त्यांचा नियम असा की, फोटो ज्या काळचा, नाव त्या काळचं. १९२० च्या फोटोला टिळकवाडी म्हटलेलं त्यांना चालत नाही. “ठळकवाडी म्हण. ते नाव आता फक्त हायस्कूलनं सांभाळलंय.” धर्मवीर संभाजी चौक म्हटलं की विचारतात, कधीचा फोटो? आणि चौकात पुतळा नसेल तर बोगारवेस. बोगारवेस, काकतीवेस, गोवावेस ही नावं ते इतक्या गंभीरपणे घेतात, की ऐकणाऱ्याला वेशीचे दरवाजे अजून रात्री बंद होतात असं वाटावं. शहापूरचा फोटो बेळगावच्या ढिगात सापडला तर बाजूला काढून ठेवतात. शहापूर सांगली संस्थानात होतं, ते इंग्रजांच्या बेळगावात मिसळलेलं त्यांना खपत नाही. त्यामुळे रस्ता विचारणाऱ्या परक्या माणसाचे हाल होतात. “गेटपासून सरळ जा” असं मामा सांगतात. कुठलं गेट? टिळकवाडीत रेल्वेची पहिलं, दुसरं, तिसरं अशी गेटं आहेत. माणूस तिसऱ्या गेटाजवळ येऊन डोक्यावरचा उड्डाणपूल बघत उभा राहतो.

किर्लोस्कर रोडचा फोटो आला तर अर्धा तास गेला म्हणून समजावं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, पुढे लोखंडी नांगर केले, नगरपालिकेला त्यांच्या कारखान्याची जागा हवी झाली, आणि १९१० साली ते औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर निघून गेले. त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली. हे मामा दरवेळी पहिल्यापासून सांगतात आणि शेवटी म्हणतात, “माणूस घालवला आणि नाव रस्त्याला ठेवलं. आमच्या गावात असं करत नाहीत. माणूसही ठेवतो, नावंही ठेवतो.”

सीमाभागात जुना फोटो ही नाजूक वस्तू आहे, हे बाहेरच्यांना कळत नाही. पुण्याचा माणूस जुन्या फोटोत इमारत बघतो. इथला आधी पाटी बघतो. दुकानावरची पाटी मराठी निघाली की एका बाजूच्या बाकावर चैतन्य येतं. मग दुसऱ्या बाकावरचा फोटो मोठा करकरून मागच्या भिंतीवर कन्नड अक्षर शोधतो. असे एकदा हॉटेलात सन १९४० च्या आसपासच्या एका फोटोवरून आवाज चढले, सीमावादावरच्या महाजन अहवालापर्यंत गाडी गेली, चहा निवून गेला. मामा भिंग लावून बसले होते. शेवटी एकाने विचारलं, “मामा, पाटीवर काय आहे ते तरी वाचा.” मामांनी वाचलं, “आज रोख, उद्या उधार.” दोन्ही बाक गप्प झाले, कारण दोन्ही बाकांची त्या हॉटेलात उधारी होती.

१९२४ च्या फोटोंना मात्र मामा घाबरतात. त्या डिसेंबरात बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेलं ते एकमेव. गंगाधरराव देशपांड्यांनी माळावर विजयनगर नावाचं तात्पुरतं नगरच उठवलं होतं, ना. सु. हर्डीकरांचे स्वयंसेवक राबत होते, आणि पाण्यासाठी खोदलेली पंपा सरोवर नावाची विहीर तेवढी काँग्रेस विहीर म्हणून आज उरली आहे. म्हणजे त्या फोटोत कापडी मंडप आणि कमानी. कौल नाही, कट्टा नाही, ओळखायचं काय? पण २०२४ साली शताब्दी आली आणि जिल्ह्यातला प्रत्येकजण आपला आजोबा शोधायला ते फोटो घेऊन मामांकडे येऊ लागला. त्या घोळक्यात जेवढी डोकी, त्याच्या दुप्पट आजोबा. सगळ्यांच्या डोक्यावर पांढरी टोपी. मामांनी शेवटी एक युक्ती काढली. जो येईल त्याला मागच्या रांगेतला, मान वळवलेला एक पाठमोरा माणूस दाखवायचा. आतापर्यंत तो बऱ्याच घराण्यांचा आजोबा झाला आहे. त्याच्या पाठीवरून एका घरात जमिनीची वाटणीसुद्धा गोडीगुलाबीनं झाली म्हणतात.

साहेबांच्या अल्बमात मामांना रस नाही. ‘बेळगाव’ म्हणून लिहिलेल्या त्या पानांवर कॅम्पातले बंगले, सेंट मेरी चर्च, खुर्चीत पलटणीचे अधिकारी आणि पायाशी कुत्री. “कुत्र्यांची नावं खाली लिहिलेत बघ. मागं पंखा धरून उभारलेल्या माणसाचं लिहायला शाई संपली.” किल्ल्यातल्या १२०४ सालच्या कमल बस्तीचे जुने फोटो ते मान देऊन बघतात, पण ओळखायला त्यात आव्हान नाही, दगड जागच्या जागी आहे. स्वामी विवेकानंद १८९२ च्या ऑक्टोबरात बेळगावला आले होते, तेव्हा एस. महादेव अँड सन या इथल्याच फोटोवाल्यांनी त्यांचा दंडधारी फोटो काढला. तो देशभर घराघरात लागला. मामांचं त्यावरचं मत एका वाक्याचं आहे : “बेळगावचा सगळ्यात गाजलेला फोटो, आणि त्यात बेळगाव नाही.”

आता गुंजीचं. गुंजीचा जुना फोटो नाही. कोण काढणार? साहेब शिकारीला आला तर वाघाशेजारी उभा राहून काढून घेई, मागे झाड. झाडावरून गाव ओळखणं मामांनाही जमत नाही. मग गावात कॅमेरा शिरला तो लग्नांतून. म्हणून मामा हल्ली ओळखीच्या-अनोळखीच्या घरांत लग्नाचे अल्बम मागत फिरतात. लोकांना वाटतं, म्हातारा हळवा झालाय. मामा आपले मंगलाष्टकांच्या फोटोत अंतरपाटाच्या वरून मागचा गोठा बघतात, पंगतीच्या फोटोत वाढप्यांच्या पायांमधून जुनी पायवाट शोधतात, वऱ्हाडी चुलत्यांच्या रांगेवरून मोजून माऊलीच्या देवळाची जुनी वळचण कुठवर होती ते ठरवतात. त्यांच्या वहीत अशी अर्धी गुंजी जमली आहे, प्रत्येक घरासमोर कोणाच्या तरी मुंडावळ्या.

परवा एका आत्तींकडे गेलो तेव्हा त्या अल्बम घेऊन मामांपुढे बसल्या होत्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. त्या एकेक पान उलटताना पदर डोळ्याला लावत होत्या, आणि मामा त्याच पानावर अंगठा ठेवून खाली वाकून काहीतरी शोधत होते. एका फोटोवर ते अडकले. अल्बम तिरका धरला, उजेडाकडे नेला, चुकचुकले.

“काय झालं भाऊजी? बरी नाही दिसत काय मी?”

“चांगली दिसत्येस की,” मामा म्हणाले. “पण जरा डावीकडं सरून उभारायचीस. पाटलाची विहीर झाकलीस बघ सगळी.”