सिंहाच्या जीपमधला पक्षीवाला

केनियात हजारावर जातींचे पक्षी आहेत, पण मसाई माराला निघालेल्या मराठी जीपला त्यांच्याशी काही देणंघेणं नसतं. जीपला सिंह हवा असतो. अशा जीपमध्ये दुर्बीण गळ्यात घालून बसलेला पक्षीवाला म्हणजे सहलीला लागलेलं ग्रहण. आमच्या जीपमध्ये हा मान माझ्याकडे होता.

वायरलेस खरखरून त्यात 'सिंबा' ऐकू आलं की आमचा ड्रायव्हर गाडी सुसाट सोडायचा. नेमका त्याच वाटेवर, बाभळीच्या शेंड्यावर जांभळ्या छातीचा नीलपंख बसलेला. मी "थांबा, थांबा" म्हणेपर्यंत तो धुळीत दिसेनासा व्हायचा. मागून काका समजूत घालायचे, "अहो, आपल्याकडे विजेच्या तारेवर बसतो तोच ना?"

बरं, सिंह दिवसाचे अठरा-वीस तास झोपा काढतो. आमचाही झुडपाखाली उताणा पडलेला, पोटावर पंजा, डोळ्याच्या कडेला माश्या. सभोवती जीपगाड्यांची जत्रा. काकू श्वास रोखून म्हणाल्या, "उठेल हं आता." तो कुशीवर वळला. तेवढ्यावर सगळे कॅमेरे कडकडले.

दुसऱ्या बाजूच्या गवतातून मात्र सेक्रेटरी पक्षी चालला होता. डोक्यामागे कलमं खोचल्यासारखी पिसं, गुडघ्यापर्यंत काळी विजार. लाथा घालून सापाला ठार मारणारा हा प्राणी दर चार पावलांवर गवतात टाच आपटत होता. त्याला प्रेक्षक एकच.

त्याच्या पुढे कोरी बस्टर्ड, आपल्या माळढोकाचा सख्खा भाऊबंद. नर अठरा किलोपर्यंत भरतो, तरी उडतो. माळढोकासाठी नान्नजच्या माळावर उन्हात डोळे ताणून आलेल्या माणसाला तो इथे जीपपुढून रमतगमत जाताना दिसला, तर गळा दाटून येणारच. काकूंनी चष्मा सावरून पाहिलं. "कोंबडा केवढा आहे हो!"

न्याय दुपारी झाला. जेवायला उतरायच्या ठरलेल्या जागी डबे उघडले आणि काकांच्या हातातली गुळपोळी घारीने वरच्यावर उचलली. मागे उरलेल्या चुऱ्यावर निळ्या-केशरी साळुंक्या तुटून पडल्या. त्यानंतर काका आभाळाकडे बघतच जेवले आणि प्रत्येक पाखराचं नाव मला विचारू लागले.

तरीही पक्षीवाल्यांनो, जीप वेगळीच ठरवा. महाग पडते, पण भांडण टळतं. ते परवडत नसेल, तर निदान ड्रायव्हरशेजारची जागा पकडा आणि पहिल्याच दिवशी त्याच्याशी दोस्ती करा. ब्रेक त्याच्या पायाखाली असतो.